गेम बनवणं चालू आहे

हौशी गेमकर्त्याला "तुझा आवडता व्हिडिओ गेम कोणता?" असं बोलता बोलतासुद्धा विचारू नये. चारचौघांना विचारलं तर ते "मारिओ" म्हणतात किंवा "काँट्रा" म्हणतात, फार तर दोन्ही अंगठे हवेत नाचवून दाखवतात आणि चहा घेतात. हौशी गेमकर्ता चहा बाजूला ठेवतो आणि उलट विचारतो, "कुठल्या कन्सोलवरचा?" शहाण्याने इथेच शेवटची बस आठवावी. कारण उत्तर अटारीपासून सुरू होतं, अटारी म्हणजे १९७७, आणि तिथून आजच्या तारखेपर्यंत यायचं म्हणजे वाटेत निन्टेंडो आणि सेगा यांचं भांडण लागतं, ज्यात हा गृहस्थ दोन्ही बाजूंची वकिली एकटाच करतो. चहावर साय धरते. शेवटी श्रोत्याच्या हाती एक यादी पडते आणि ती ऐकताना एक गोष्ट खटकते: खेळताना मजा आली म्हणून आवडला, असा एकही खेळ तिच्यात नसतो. एक आवडतो त्यातल्या ढगांमुळे, दुसरा धुक्यामुळे, तिसरा एका सशामुळे. माणूस खेळांबद्दल बोलतोय की हवामान खात्यातून वनखात्यात बदली मागतोय, ते कळत नाही.

या याद्यांचा शांतपणे विचार केल्यावर माझं मत असं झालं आहे, की ती आवडीची यादी नसतेच मुळी. प्रत्येक हौशी गेमकर्त्याचा स्वतःचा एक खेळ असतो आणि तो 'चालू' असतो. लॅपटॉपवर 'फायनल', 'फायनल२', 'फायनल_खरंच' आणि 'नवीन_फायनल_हात_लावू_नये' अशा फोल्डरांत तो सुखाने नांदत असतो. त्यातला नायक सुरेख उडी मारतो. उडी मारून जायचं कुठे, ते ठरायचं आहे. मुख्य मेनू तयार आहे, त्यात 'सुरू करा' आणि 'बाहेर पडा' ही बटणं आहेत, आणि त्यांपैकी दुसरं चालतं. आवडत्या खेळांची यादी हा या नायकाच्या वतीने केलेला खुलासा असतो: आमचा खेळ अजून पूर्ण का झाला नाही, याचं कन्सोलवार स्पष्टीकरण. (गेमकर्ती असली तरी फरक पडत नाही, तिच्या फोल्डरांची नावं तेवढी धड असतात.)

पुरावा म्हणून अटारी २६०० घ्या. या यंत्रात चालू खेळाचा हिशेब ठेवायला जागा होती १२८ बाइट. किलो नाही, मेगा नाही, नुसते बाइट. आजच्या पद्धतीने देवनागरी साठवायची तर तेवढ्यात लग्नपत्रिकेवरचं 'श्री गजानन प्रसन्न' बसेल आणि वधूपित्याचं नाव आडनावापर्यंत जाता जाता संपेल. तेवढ्या जागेत डेव्हिड क्रेनने १९८२ मध्ये 'पिटफॉल!' चालवून दाखवला. जंगल, मगरी, वेलीवरचे झोके आणि २५५ पडदे. एवढे पडदे कॅसेटवर मावणार नव्हते, म्हणून त्याने एका बाइटवर असं गणित बसवलं, की पुढचा पडदा गरज पडेल तेव्हा त्या आकड्यातूनच निघावा आणि मागे वळलं तर मागचाही तसाच परत मिळावा. हे सांगताना हौशी माणसाचा कंठ दाटून येतो. त्याला विचारावं, की त्या खेळातले बत्तीस खजिने वीस मिनिटांत गोळा करायचे असतात, तुझे किती झाले? तर तो पहिल्याच मगरीपाशी थबकलेला असतो. मगरीचा जबडा कसा काढलाय ते बघत तो उभा होता, तेवढ्यात मगरीने जबडा मिटला. मुद्दा त्याच्या लेखी वेगळाच आहे: "त्या काळी जागाच इतकी कमी होती, की माणसाला खेळ संपवावाच लागायचा. आपल्याकडे सोळा जीबी. थांबायचं कुठे?" बघा, एका वाक्यात अटारीचं कौतुकही झालं आणि स्वतःचा खुलासाही झाला.

मग येतात ढग. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' सगळा मिळून ४० किलोबाइटचा. आज कुणी 'सुप्रभात' म्हणून गुलाबाचं फूल पाठवतं, ते याहून जड असतं. जागा वाचवायला करणाऱ्यांनी एक युक्ती केली: आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे. वर पांढरं रंगवलं, खाली हिरवं. कोट्यवधी लोक त्या झुडपांवरून उड्या मारत गेले आणि आपण ढगावरून चाललोय हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. हौशी माणसाच्या लक्षात आलं. त्या दिवसापासून तो मारिओ खेळू शकत नाही, नुसता बघू शकतो. आणि या काटकसरीचा त्याच्या कामावर परिणाम काय, तर त्याच्या खेळात झुडपांचे चौदा प्रकार आहेत, प्रत्येकाचं पान वाऱ्यावर वेगळं हलतं, आणि शत्रू अजून एकही आलेला नाही. घरची मंडळी विचारतात, "यात मारायचं कुणाला?" तो सांगतो, "आधी परिसर जिवंत झाला पाहिजे."

धुक्याचा किस्सा तर त्याचा विशेष आवडता. १९९९ साली प्लेस्टेशनवर 'सायलेंट हिल' आला. त्या यंत्राला लांबवरचं काही काढायचं म्हटलं की धाप लागायची. जवळची चार घरं आणि रस्त्याचा एक तुकडा काढला की दम संपला. करणाऱ्यांनी मग गावभर धुकं पसरून दिलं. यंत्राची अब्रू वाचली आणि खेळणाऱ्याची वाचा बसली, कारण दोन हातांपलीकडचं काही दिसत नसलं की माणूस आपणहून घाबरतो. पुढे २०१२ मध्ये त्या मालिकेतल्या दोन जुन्या खेळांची चकचकीत आवृत्ती निघाली, तिच्यात धुकं विरळ झालं आणि कुणाला दिसणारच नाहीत म्हणून तशाच सोडलेल्या कडा उघड्या पडल्या. लोकांनी आरडाओरडा करून धुकं परत मागितलं. स्वच्छ हवेविरुद्ध तक्रार होण्याची ही दुर्मिळ घटना असावी. हौशी गेमकर्त्याने यातून नेमका बोध घेतला आहे: त्याच्या खेळात पहिल्या दिवसापासून धुकं आहे. दाट, सुंदर, थरांथरांचं. लपवण्यासारखं त्याच्यामागे अजून काही झालेलं नाही, एवढंच.

आणि ससा. १९९६ मध्ये निन्टेंडो ६४ वर मारिओ पहिल्यांदा त्रिमितीत पळणार होता. शिगेरु मियामोतो आणि त्यांच्या मंडळींनी सुरुवातीला लेव्हल वगैरे बाजूला ठेवल्या आणि नुसतं त्याचं पळणं-वळणं घासूनपुसून घेतलं. सरावाला एक ससा सोडला, मारिओने त्याला पकडायचं. पकडतानाच मजा यायला लागली, तेव्हा पुढचं बांधकाम सुरू झालं. ससा इतका मानकरी ठरला की तयार 'सुपर मारिओ ६४' मध्येही किल्ल्याच्या तळघरात तो पळताना भेटतो. या गोष्टीने जगभरच्या हौशींचं जेवढं नुकसान केलं तेवढं वीज जाण्यानेही केलं नसेल. "आधी नुसती हालचाल!" हे वाक्य घेऊन ते बसतात ते बसतातच. त्यात २०१८ चा 'सेलेस्ट' आला. त्या खेळात नायिकेचा पाय कड्यावरून सुटल्यावरही सेकंदाच्या दहाव्या हिश्शापर्यंत तिला उडी मारू देतात. म्हणजे चूक आपली, मोठेपणा खेळाचा, आणि श्रेय घेतो आपण. ही उदारता किती असावी, यावर हौशी माणूस एक अख्खा पावसाळा काढतो. 

"आता बघ कसं वाटतंय."

"काल होतं तसंच."

"काल आठ शतांश होतं. आज नऊ आहे."

"बरं. पानं घेतलीत."

निन्टेंडोची माणसं ससा पकडून पुढे गेली. हा अजून सशाला दाढी-मिशा चांगल्या दिसतील का, ते बघतोय.

यावर पहिला आक्षेप नेहमीचा: एवढं काय खोलात शिरता, हा लहानपणच्या आठवणींचा उमाळा आहे, दुसरं काही नाही. आक्षेप घेणाऱ्यांनी जरा स्वतःचं लहानपण आठवावं. नव्वदीच्या दशकात आपल्याकडे मध्यमवर्गीय घरांत आलेला व्हिडिओ गेम बहुतेक वेळा जपानी फॅमिकॉमची कुठलीतरी नक्कल असायचा. सोबत '९९९९ इन १' अशी छाती पुढे काढून सांगणारी कॅसेट, तिच्यात खेळ मोजून थोडे आणि बाकी तेच तेच नाव बदलून. चालली नाही की फुंकर मारायची. (फुंकरीने उलट कॅसेटचे संपर्क दमट होऊन गंजतात, असं खुद्द निन्टेंडोचं म्हणणं. पण ज्या देशात दृष्ट काढतात तिथे हे कोण ऐकणार?) उमाळाच असता, तर यादीत ती कॅसेट आली असती, बदक निसटलं की आपल्यावर हसणारा तो कुत्रा आला असता. हौशी माणसाच्या यादीत असतात सेगाच्या ड्रीमकास्टवरचे खेळ, ज्या यंत्राला त्याने जन्मात हात लावलेला नाही. तिथे तो 'शेनमू' आवडतो म्हणतो. का? तर त्यात बापाच्या खुनाचा सूड घ्यायला निघालेला नायक मध्येच गोदीत फोर्कलिफ्ट चालवायची नोकरी धरतो आणि घरातले खण एकेक उघडून बघता येतात. मुख्य काम बाजूला ठेवून खण उघडत बसायची सोय असलेला खेळ या माणसाला का आवडावा, हे सांगायला मानसोपचारतज्ज्ञ नको.

'काँट्रा'चं नाव निघालंच तर तेही तो सरळ घेत नाही. तीस जीव देणारी ती बटणांची मालिका आपल्या पिढीला पाढ्यांपेक्षा पक्की पाठ होती. पण ती आली कुठून, हे तो सांगतो. कोनामीतले काझुहिसा हाशिमोतो १९८६ मध्ये 'ग्रॅडियस' फॅमिकॉमवर आणत होते. तपासायला खेळ पुढपर्यंत खेळावा लागे आणि तो त्यांना स्वतःला जमत नव्हता, म्हणून त्यांनी एक चोरवाट ठेवली आणि खेळ बाहेर पडताना ती काढायची राहिली. स्वतः केलेला खेळ स्वतःला न जमणं, हे वाक्य हौशी माणूस किती आत्मीयतेने उच्चारतो ते ऐकण्यासारखं असतं. फरक इतकाच, की हाशिमोतोंना खेळ अवघड होता म्हणून शेवट दिसत नव्हता.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. अडचणीमुळेच चांगले खेळ झाले असं तुमचं तुम्हीच सांगता, मग घ्या ना स्वतःला अडचणीत घालून. मोकाट मेमरी नको असेल तर कमी वापरा. यावर हौशी गेमकर्ता म्हणतो, घेतलं की! 'पिको-८' नावाचं एक काल्पनिक कन्सोल आहे. काल्पनिक म्हणजे यंत्र नाहीच, फक्त त्याच्या अडचणी आहेत. १२८ बाय १२८ ठिपक्यांचा पडदा, सोळा रंग, आणि तेवढ्यात काय ते करा. अस्तित्वात नसलेल्या यंत्राची गैरसोय विकत घ्यायची कल्पना ज्याला सुचली त्याला माणूस कळला. 'सेलेस्ट'चं पहिलं रूप याच पिको-८ वर दोघांनी चार दिवसांत केलं होतं. आमचे हौशी काय करतात? सोळा रंगांत आपल्याला हवी ती शेवाळी छटा नाही, हे सिद्ध करतात. मग स्वतःचं काल्पनिक कन्सोल बनवायला घेतात. आणि नुसत्या अडचणीने भलं होत असतं, तर 'ई.टी.' जगातला सर्वोत्तम खेळ ठरला असता. तो १९८२ मध्ये अटारीसाठी हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉला सुमारे पाच आठवड्यांत उरकावा लागला, नाताळ गाठायचा होता म्हणून; आणि पुढच्याच वर्षी त्याच्या न खपलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत पुरल्या गेल्या. २०१४ मध्ये लोकांनी त्या उकरून काढल्या. हौशी माणूस हे उदाहरण घाई कशी वाईट, यासाठी देतो. आपला खेळ पुरायची वेळ येणार नाही, याची काळजी त्याने घेतलेली आहे. पुरायला आधी कॅसेट लागते.

टेट्रिसशी तर त्याचं नातं नात्यागोत्यातलंच. अलेक्सेय पाझित्नोव हा मॉस्कोच्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रातला नोकरदार. काम वेगळं, आणि १९८४ च्या सुमारास त्याने त्या कचेरीतल्या यंत्रावर हा खेळ केला. चित्रं काढायची सोय नव्हती, म्हणून ठोकळे कंसांच्या चिन्हांनी काढले. १९८९ मध्ये तो गेम बॉयबरोबर घरोघरी गेला, आणि पाझित्नोवला त्यातलं मानधन रीतसर मिळायला १९९६ उजाडलं. या चरित्रातून काटकसर घेता येते, चिकाटी घेता येते, साधेपणा तर डोळ्यांत भरतो. आमचा माणूस नेमकं 'कचेरीच्या वेळात' एवढं घेतो.

आता खरा अवघड आक्षेप: पूर्ण करणारे हौशी असतातच की! असतात, आणि तेच तर घात करतात. जपानच्या दाइसुके अमायाने फावल्या वेळात पाच वर्षं खपून 'केव्ह स्टोरी' एकट्याने केला आणि २००४ मध्ये फुकट वाटला. एरिक बॅरोनने चित्रं, संगीत, संवाद सगळं एकहाती करून साडेचार वर्षांनी २०१६ मध्ये 'स्टारड्यू व्हॅली' बाहेर काढला. मधल्या काळात तो नाट्यगृहात प्रेक्षकांना खुर्च्या दाखवायचं अर्धवेळ काम करायचा आणि घरखर्चाची बाजू मैत्रिणीने सांभाळली. ही नावं यादीत येतात तेव्हा हौशी माणसाचा आवाज खाली येतो. या दोघांच्या कहाणीतून तो जे उचलतो ते म्हणजे वर्षं. "साडेचार वर्षं लागतातच." त्याला स्वतःला लागलेली वर्षं यापेक्षा जास्त झाली, की तो 'ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर'कडे वळतो: १९९७ मध्ये घोषणा, २०११ मध्ये दर्शन, मध्ये खेळाचं इंजिनच बदललं. मोठमोठ्या पगारी मंडळींचं हे, तर आपलं काय घेऊन बसलात! तो खेळ कसा निघाला, हे विचारलं की मात्र त्याला तातडीचा फोन येतो.

"आपल्याकडून कन्सोलवर कोण जाऊ देतंय?" हे एक हुकमी कारण बरीच वर्षं उपयोगी पडत होतं. मग पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने तेही काढून घेतलं. भावाला शोधायला निघालेल्या मुलीचा 'राजी: अॅन एन्शंट एपिक' २०२० मध्ये निन्टेंडो स्विचवर आला आणि पाठोपाठ इतर कन्सोलांवर. पुणं म्हणजे काही निन्टेंडोचं क्योटो नव्हे. तिथली रहदारी पार करून संध्याकाळी कुणी घरी पोहोचलं तरी तो दिवस पूर्ण झाला असं समजतात. अशा गावात खेळ पूर्ण झाला, ही बातमी हौशींनी अभिनंदन करत, पण जरा तुटकपणेच घेतली. "त्यांची टीम होती," ते म्हणाले. मग कर तूही टीम. टीम होते. व्हॉट्सअॅपवर ग्रुप होतो, कंपनीचं नाव ठरतं, बोधचिन्ह तीन पद्धतींनी काढून होतं. संगीत करणारा मित्र सगळ्यात आधी काम संपवतो. त्याने शेवटची श्रेयनामावली सरकताना वाजायचं संगीत केलेलं असतं.

एवढं सगळं ऐकून कुणी म्हणेल, की यांना खेळ करताच येत नसणार. तसंही नाही, आणि माझ्या म्हणण्याला सर्वांत भक्कम पुरावा हाच आहे. २००२ पासून 'लुडम डेर' नावाचा एक उपक्रम चालतो: विषय जाहीर होतो, अठ्ठेचाळीस तासांत एकट्याने अख्खा खेळ करून द्यायचा. तशा स्पर्धा आता गावोगाव होतात. तिथे याच हौशी माणसाला बसवा. झुडपांना वेळ नाही, शेवाळी छटेला वेळ नाही. तो दोन रात्री जागतो आणि असं काहीतरी करून टाकतो: पिंडाला कावळा शिवत नाहीये, नातेवाईक एकेक वचन देतायत, 'शेत विकणार नाही' म्हटलं की कावळा एक पाऊल पुढे येतो, 'धाकट्याचं लग्न लावू' म्हटलं की दोन पावलं मागे जातो. कावळा ठिपक्याठिपक्यांचा, भटजी कावळ्याहून थोडेच मोठे. ऊन चढायच्या आत कावळा शिवला पाहिजे. खेळाला सुरुवात आहे, शेवट आहे, आणि दोन्ही बटणं चालतात. मंडळी एकमेकांच्या हातातून लॅपटॉप ओढून खेळतात, आजीसुद्धा वचन सुचवते. आणि पुढे कधीतरी तुम्ही त्याला त्याच्या आवडीचे खेळ विचारता, तेव्हा अटारीपासून स्विचपर्यंतच्या त्या लांबलचक यादीत याचं नाव कुठेही नसतं. आपण आपलं सुचवून बघावं.

"अरे, तो कावळ्याचा गेम झकास होता. त्याचं पुढे काय?"

"त्याचं काय? तो तर झाला."